गोष्टीतला आळशी मुलगा

जानेवारीतल्या पहिल्या गुरुवारी आमच्या गावच्या शाळेत बारावीच्या सगळ्या पोरांना सभागृहात बसवतात. बाहेर उणे पंचवीसची थंडी, आत हीटरची घरघर, आणि मंचावर मिसेस स्टेनबर्ग. कुणी कुठल्या कॉलेजात अर्ज करावा, अर्जात काय लिहावं, हे पोरांना सांगणाऱ्या या बाई. तेहेतीस वर्षं त्यांनी हेच केलं. या एका गुरुवारी मात्र त्या सल्ला देऊन थांबत नाहीत, गोष्टही सांगतात.

"याच शाळेत एक मुलगा होता," बाई सुरू करतात. "हुशार. इतका हुशार की विस्कॉन्सिनमधल्या चांगल्यातल्या चांगल्या कॉलेजानं त्याला डिसेंबरातच प्रवेश दिला. पत्र आलं आणि साहेब हवेत! दुपारी शाळेतून गायब. आळशी! अभ्यासाच्या नावानं पूज्य. त्याला वाटलं, आता काय, मिळालं कॉलेज. पण बाळांनो, जूनमध्ये तुमचे शेवटच्या वर्षाचे गुण मी स्वतः कॉलेजला पाठवते. ते घसरलेले दिसले की दिलेला प्रवेश परत काढून घेतात. त्याचा काढला. आणि आज तो मुलगा कुठे आहे?"

बाई नाव घेत नाहीत. घ्यायची गरजच नसते. नव्वद माना एकदम मागे वळतात. मागच्या दाराशी लेनी कंगास उभा असतो, शेजारी त्याची फरशी पुसायची चाकांची बादली. तो टोपी काढतो, कमरेत वाकून नमस्कार करतो, सभागृहात हशा पिकतो, आणि पोरं गेली की लेनी नव्वद खुर्च्या उचलून रचून ठेवतो.

सत्तावीस वर्षं हे चाललं. आता बोला! जित्याजागत्या माणसाला भिंतीवरची पाटी करून टाकलं आम्ही गावानं. आणि आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही, कारण लेनीच हसत होता.

लेनी पन्नाशीचा. उंच, जरा पोक आलेला, डोक्यावर कानांपुरते केस. शाळेची झाडलोट, बॉयलर, गळके नळ, अडकलेली लॉकरं, सगळं त्याच्याकडे. कमरेला किल्ल्यांचा हा एवढा जुडगा, त्यामुळे तो यायच्या आधी त्याचा आवाज यायचा आणि मागच्या जिन्यात सिगरेट ओढणारी पोरं पसार व्हायची. काही बिघडलं की त्याचं उत्तर ठरलेलं, "होईल, होईल." लग्न केलं नाही. शनिवारी मागच्या अंगणातल्या लाकडी खोलीत वाफेची आंघोळ, रविवारी चर्च, आणि एरवी झाडं. झाडांचं मात्र त्याला वेड. शाळेच्या मागचे पाइन त्यानंच लावले. त्याला जंगलाचं शिक्षण घ्यायचं होतं, कॉलेज मिळालं होतं ते त्याच विषयाला. पण हे कुणी विचारत नसे, कारण गोष्टीत ते नव्हतं.

गोष्टीत आणखीही एक नव्हतं. लेनी दुपारी गायब व्हायचा, तो कुठे जायचा?

तो घरी जायचा. लेनी बारावीत होता ते १९९१ साल. गावची खाण बंद पडून निम्मे बाप घरी बसले होते. त्याचा बाप, टोइवो कंगास, बसला तो उठलाच नाही. दाढी नाही, बोलणं नाही, स्वयंपाकघरातल्या खुर्चीत खिडकीकडे तोंड करून बसायचा. आई दिवसभर हॉस्पिटलच्या धोबीघरात कामाला. एका सकाळी बाप खिडकीकडे बघतच म्हणाला, "मी नसतो तर तुमचं बरं चाललं असतं." लेनीनं ते ऐकलं. त्याच दिवशी घरातल्या शिकारीच्या बंदुका साफ करून आणतो म्हणून त्यानं काकाकडे पोचवल्या, आणि त्या दिवसापासून तो रोज बारा वाजता शाळेतून घरी पळायला लागला. बाप जिवंत आहे ना, एवढंच बघायला.

पण बापाला काय सांगणार? "भूक लागली," असं सांगायचा. शाळेत जेवून आलेला पोरगा घरी येऊन म्हणायचा, "बाबा, भूक लागली." मग बाप कुरकुरत उठायचा, तव्यावर सॉसेज टाकायचा, दोन अंडी फोडायचा. लेनी ते सगळं संपवायचा आणि तीन वाजेपर्यंत, आई येईपर्यंत, तिथेच बसायचा. दुपारचे तास बुडाले. गणित गेलं, रसायन गेलं. आईला कळलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "घरातलं घरात राहू दे." आमच्याकडे शेजाऱ्याच्या दारातलं बर्फ न सांगता उपसतात, आजाऱ्याकडे बटाट्याचा भरला ट्रे पोचवतात, पण "आमच्याकडे असं असं झालंय" हे कुणी तोंडानं बोलत नाही.

जुलैत कॉलेजचं पत्र आलं. तुमचे गुण का घसरले, दहा दिवसांत कळवा. लेनी कोरा कागद घेऊन तीन दिवस बसला. काय लिहायचं? माझ्या बापाला जगायचं नाही, असं? परक्यांना? त्यानं काही लिहिलं नाही, आणि महिनाअखेरीस प्रवेश गेला.

बाप मात्र जगला. वर्षभरानं दुसऱ्या खाणीत लागला, माणसांत आला, पुढं वीस-बावीस वर्षं ठणठणीत होता. कॉफीच्या दुकानात बसून मोठ्यानं सांगायचा, "आमच्या लेनीचं कॉलेज ना, पोटात गेलं! दुपार झाली की हा घरी जेवायला! असला आळशी!" दुकान हसायचं. लेनी शेजारच्या स्टुलावर बसून तोही हसायचा. बापाला हसताना बघायला त्यानं काय मोजलं होतं, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

तर गेल्या वर्षीची गोष्ट. फेब्रुवारी. बॉयलरच्या खोलीशेजारी एक बाजूचं दार आहे, तिकडून सहसा कुणी जात नाही. लेनी रोज सकाळी तिथलं बर्फ काढायचा, दुपारी पुन्हा पांढरं झालेलं असायचं, आणि त्यावर रस्त्याकडे जाणारी पावलं. एकाच माणसाची. जाणारी होती, परत येणारी नव्हती. पहिल्या दिवशी त्यानं दुर्लक्ष केलं. चौथ्या दिवशी त्याचा हात फावड्यावर थांबला. वेळ काय, तर बारा वाजून दहा मिनिटं. त्याला सगळं कळलं. त्या दिवसापासून तो दारापुरतं नाही, थेट रस्त्यापर्यंत बर्फ उपसायला लागला.

आठवड्यानं ती त्याला दारातच सापडली. ऑड्रा वुकेलिच, बारावी, वर्गात पहिली-दुसरी येणारी. डिसेंबरात तिलाही कॉलेज मिळालं होतं, नर्सिंगचं.

"घसरशील," लेनी म्हणाला. "बुटांचे तळ गुळगुळीत झालेत तुझे."

"दातांच्या डॉक्टरकडे चाललेय."

"रोज? तुला दात किती आहेत गं?"

ती हसली नाही.

"घरी कोण आहे?" त्यानं हळू विचारलं.

"तुम्हाला काय करायचंय?"

"काही नाही. मीपण याच दारानं जायचो."

"माहितेय," ती फटकन म्हणाली. "तुम्हीच ना ते, गोष्टीतले? आणि तुम्ही मला शाळेत बसायला सांगणार?"

लेनीच्या ओठांवर सगळं आलं होतं. बाप, सॉसेज, कोरा कागद. आणि तोंडातून निघालं काय, तर, "टोपी घाल. कान गारठतील." ती गेली. लेनी दार धरून उभा राहिला, आणि मग स्वतःलाच एक सणसणीत शिवी घालून आत आला.

एप्रिलमध्ये मिसेस स्टेनबर्गच्या खोलीतली ट्यूब गेली. लेनी शिडीवर, बाई खाली टेबलाशी, एक हात केसांत.

"माझं डोकं बघ, लेनी. पाखरांनी घरटं करावं! ट्रिश वुकेलिचचं दुकान तीन महिने बंद. दारावर पाटी, 'लवकरच येते'. कुठली येतेय! केस कापायला मला आता पलीकडच्या गावी जावं लागतं." बाईंनी एक कागद उचलला. "आणि तिची ती पोरगी. रसायनात डी! ए होती रे तिची, ए! कॉलेज मिळालं की पाय जमिनीवर राहत नाहीत. अगदी तुझ्या वाटेनं निघालीय."

दुकान बंद आणि पोरगी घसरली. दोन्ही गोष्टी बाई एका दमात बोलल्या आणि त्यांना त्या जोडता आल्या नाहीत. बरं, त्या बिचाऱ्या कामसू बाई, मनानं वाईट नव्हेत. पण लेनीला तर जोडता आल्या होत्या! तो शिडीवर उभा होता, हातात जुनी ट्यूब होती, एक वाक्य बोलायचं होतं. तो म्हणाला, "चालू करून बघा आता." दिवा लागला. लेनी शिडी घेऊन निघून गेला आणि त्या रात्री त्याला अन्न गोड लागलं नाही.

मे महिन्याच्या एक तारखेला, कॉलेज पक्कं करायच्या दिवशी, सगळी पोरं आपापल्या कॉलेजचे शर्ट घालून येतात, व्यायामशाळेत फोटो होतो. ऑड्रा निळा शर्ट घालून आली. फोटोत पहिल्या रांगेत बसली, दात दाखवून हसली, आणि बारा वाजून दहा मिनिटांनी तोच निळा शर्ट बॉयलरच्या दारानं बाहेर पडला. जूनमध्ये शाळा संपल्याच्या समारंभात टोप्या उडाल्या, निकाल लागले. तिला दोन विषयांत डी. मिसेस स्टेनबर्गनी नियमाप्रमाणे सगळ्यांचे गुण कॉलेजांना पाठवले.

उन्हाळ्यात शाळा रिकामी असते, तेव्हा लेनी फरशीवर पॉलिश चढवतो. जूनच्या शेवटच्या आठवड्यात तो लांबच्या लांब बोळात मशीन फिरवत होता, तेवढ्यात दुसऱ्या टोकाला ऑड्रा उभी दिसली. ओल्या पॉलिशच्या कडेशी, बूट हातात घेऊन.

"ये, त्या बाजूनं वाळलंय," लेनी म्हणाला.

ती भिंतीला धरून आली. "तुम्हाला जे पत्र आलं होतं, त्यात काय लिहिलं होतं?"

लेनीनं मशीन बंद केलं. बत्तीस वर्षांत हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. त्याला अक्षर न् अक्षर पाठ होतं. त्यानं म्हणून दाखवलं.

ऑड्रानं फोन पुढे केला. भाषा जराशी निराळी, अर्थ तोच. गुण का घसरले, पाच जुलैच्या आत कळवा.

"काय लिहिणारेस?"

"काही नाही. जाऊ दे कॉलेज." तिनं फोन खिशात टाकला. "आई जानेवारीपासून उठत नाही. मी गेले की पडदे ओढून घेते. मला म्हणते, मी नसते तर तुझी वाट मोकळी झाली असती. हे लिहू मी? आईचं हे सगळं त्या लोकांना वाचायला देऊ?"

लेनी खाली बसला. ओल्या पॉलिशवरच बसला, पँटची वाट लागली. "माझा बाप अगदी हेच म्हणाला होता," तो म्हणाला. "खिडकीकडे बघत."

मग त्यानं सांगितलं. बंदुका, बारा वाजता घरी पळणं, दोन-दोन वेळा जेवणं, सगळं. आयुष्यात पहिल्यांदा, आणि तेही अठरा वर्षांच्या पोरीला. ऑड्रा भिंतीला टेकून ऐकत राहिली.

"मग तुम्ही आळशी नव्हतातच."

"जाड मात्र झालो होतो," लेनी म्हणाला.

"आणि तुम्ही का नाही लिहिलंत?"

"वाटलं, लिहिलं तर ते खरं होईल. बाप माणसांत तोंड दाखवू शकणार नाही." त्यानं डोळे पुसले, हाताला लागलेलं पॉलिश गालाला लागलं. "मी गाढवपणा केला, पोरी. एका माणसाला सांगितलं असतं ना, तर बापाला डॉक्टरही मिळाला असता. मी एकटाच राखण करत बसलो. बाप वाचला ते नशीब म्हणायचं, त्यात माझी अक्कल नव्हती. तू नशिबावर राहू नकोस. चल."

"कुठे?"

"बाई अजून खोलीत आहेत. मी बोलतो आधी, मग तू."

मिसेस स्टेनबर्ग सुट्टीसाठी टेबल आवरत होत्या. लेनीच्या अवताराकडे बघून हसायला लागल्या, आणि ऑड्राचा चेहरा दिसला तशा थांबल्या. लेनी बसला नाही. टोपी हातात फिरवत उभ्या उभ्या बोलला. आधी स्वतःचं, मग ऑड्राचं. सांगताना दोन ठिकाणी अडला.

बाईंचा चेहरा उतरत गेला. आवरायला घेतलेली फाइल त्यांनी खाली ठेवली. "लेनी," शेवटी त्या म्हणाल्या, "तेव्हा मी इथेच होते रे. याच खोलीत. मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

"आणि इतकी वर्षं मी तुझ्यासमोर ती गोष्ट... तू हसत होतास!"

"बाबा होते ना गावात," लेनी म्हणाला. "त्यांना कधी कळायला नको होतं की मी कशासाठी घरी यायचो. ते गेले त्याच्या आदल्या दिवशी विचारलं त्यांनी मला. म्हणाले, 'लेनी, दुपारी घरी का यायचास रे तू?' मी म्हटलं, 'भूक लागायची.'" तो जरा थांबला. "तेव्हा बाबांचं नाव यात यायला नको. अजूनही नको. मी आळशी तो आळशीच बरा."

बाई रडल्या. टेबलावर डोकं ठेवून रडल्या. मग नाक शिंकरून त्यांनी आधी फोन उचलला तो कॉलेजसाठी नाही, डॉक्टरसाठी. पत्र ऑड्रानं दुसऱ्या दिवशी त्यांच्याच टेबलावर बसून लिहिलं. आई आजारी आहे, मी तिच्याजवळ होते, शाळेत कुणाला सांगितलं नाही ही माझी चूक. तीन वाक्यं. खाली बाईंनी आपलं एक पान जोडलं. दोन जुलैला उत्तर आलं की प्रवेश कायम आहे, पहिल्या सहामाहीत गुण सांभाळा.

ऑड्रा ऑगस्टच्या अखेरीस गेली. जाताना सारखी मागे वळून आईकडे बघत होती. ट्रिश आता औषध घेते, आठवड्यातून तीन दिवस दुकान उघडते, काही आठवडे तेही जमत नाही. दर दुसऱ्या मंगळवारी बाराच्या सुमाराला लेनी तिच्या खुर्चीत जाऊन बसतो. कानांवरच्या त्या चार केसांत कापण्यासारखं काय असतं, देव जाणे. ट्रिश विचारते, "लेनी, गेल्याच वेळी कापले ना?" तो म्हणतो, "भराभर वाढतात गं माझे." मग ती उठते, त्याच्या गळ्याभोवती कापड बांधते आणि कात्री चालवते.

यंदाचा जानेवारी आला. पहिला गुरुवार, सभागृह, नव्वद नवीन पोरं. मिसेस स्टेनबर्गनी अर्जांचं सांगितलं, तारखांचं सांगितलं, आणि कागद गोळा केले. पण ही गोष्ट पोरं थोरल्या भावंडांकडून ऐकून येतात. मागून कुणीतरी ओरडलं, "बाई, गोष्ट राहिली! लेनीची गोष्ट!" झालं, सगळेच ओरडायला लागले.

बाईंनी मागच्या दाराकडे पाहिलं. लेनी तिथेच होता, बादलीशेजारी. त्यानं मान हलवली. सांगा, सांगून टाका.

"याच शाळेत एक मुलगा होता," बाई म्हणाल्या. "हुशार होता. कॉलेजनं त्याला डिसेंबरातच प्रवेश दिला. मग दुपारी तो शाळेतून गायब व्हायला लागला. तो..." इथे 'आळशी' हा शब्द यायचा. सत्तावीस वर्षं येत होता. बाईंच्या तोंडून तो काही केल्या निघेना. पोरं वाट बघत होती. "त्याचे गुण घसरले," बाई म्हणाल्या. "का घसरले, हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. आणि आम्ही कुणी त्याला विचारलं नाही. मीसुद्धा नाही. त्याचं कॉलेज गेलं."

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. असा शेवट कुणी ऐकला नव्हता. पहिल्या रांगेतल्या एका मुलीनं चाचरत विचारलं, "मग? मग काय झालं त्याचं?"

बाईंनी चष्मा काढला.

"मग काय होणार?" मागून लेनीचा आवाज आला. "मग त्याला जन्मभर खुर्च्या उचलायला लावल्या. चला, उठा आता, मला जेवायला घरी जायचंय."

पोरं खदखदून हसली आणि उठली. लेनीनंही टोपी काढून कमरेत वाकून नमस्कार केला, मग पहिली खुर्ची मिटली.